आतले पिवळे ठिपके

पहिलं पाऊल टाकलं तेव्हाच मला त्या दुकानाची किळस आली. दारात तेलाचं डबकं, त्यात कुजत पडलेली चिंधी, आणि भिंतीला टेकवलेले टायर असे चकचकीत की विचारू नका. एकाला हात लावला तर पाचही बोटं काळीकुट्ट झाली.

"हात नका लावू ताई, पॉलिश ओलं आहे," दुकानदार म्हणाला. ह्याला सगळे चकचक्या म्हणतात, ते उगाच नाही.

"टायरला पॉलिश कशाला? वरातीत न्यायचेत का?"

तो हसला. माझ्याबरोबर आलेले भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, ते हसले नाहीत. ते आधीच एका ढिगाशी उकिडवे बसून भाव करत होते.

आमची गाडी ना जीप, ना ट्रॅक्टर. दोन सीट, मागे छोटा हौदा आणि डोक्यावर नुसता लोखंडी सांगाडा. डोंगरउतारावर आमची रोपवाटिका आहे, तिथे माती, खत, रोपं वर न्यायला ती घेतलेली. चढावर हुंकारत जाते म्हणून ह्यांनी तिचं नाव रेडा ठेवलं. चार महिन्यांपूर्वी वळणावर रेड्याचा मागचा उजवा टायर फुटला, त्याच्या चिंध्या झाल्या, गाडी उलटली आणि ह्यांचा खुबा मोडला. आता सोमवारपासून आमची लेक रेडा चालवणार होती. शहरातली नोकरी सोडून आली बिचारी. त्याच वळणावरून तिला रोज आठ खेपा करायच्या होत्या, म्हणून टायर निवडायला मी जातीने आले. एकट्या भाऊजींना पाठवलं असतं तर त्यांनी स्वस्तात मिळाली म्हणून बैलगाडीची चाकंसुद्धा आणली असती.

"वहिनी, हे बघा," भाऊजी म्हणाले. "थोडेसेच वापरलेले. निम्म्या भावात."

"एका साहेबांची गाडी होती," चकचक्याने लगेच री ओढली. "हौसेने घेतली, दोनदा चालवली, बायकोने विकायला लावली."

"कोण ती बाई? पत्ता द्या, पाया पडून येते. आणि ह्यावरची तारीख कुठाय?"

टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या वर्षी बनला, ते चार आकड्यांत त्याच्या अंगावर लिहिलेलं असतं. हे मला ह्यांच्याबरोबर पंचवीस वर्षं काढून माहीत झालेलं. इथे त्या जागी कुणीतरी कानशीने रबर खरवडलं होतं.

"घासली गेली असेल."

"वरची नक्षी कोरी करकरीत, आणि तारीख तेवढी घासली? हा टायर काय रस्त्यावर चालतो की तारखेवर?"

नक्षी तरी कुठली कोरी! नीट पाहिलं तर तापलेल्या सुरीने खाचा खोल कोरलेल्या, वाकड्यातिकड्या. म्हाताऱ्या टायरला नवे दात बसवलेले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्ही पण ना, किती चिकित्सा करता. टायर तो टायर."

मी टायर ओढून आडवा केला आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. पॉलिश काय, बाहेरूनच लावतात. आत कोण बघतो?

आत, एका ओळीत, तीन पिवळे ठिपके होते.

ही आमच्या घरची खोड आहे, जगात दुसऱ्या कुणाला नसेल. पंक्चर झालं की हे स्वतः आतून ठिगळ लावायचे आणि शेजारी पिवळ्या रंगाचा एक ठिपका द्यायचे. ठिपक्यांवरून कळायचं, कुठला टायर किती जखमा खाऊन बसलाय. दोन ठिपके झाले की टायर बाद, हा त्यांचाच नियम, आणि "अजून एक उन्हाळा निघेल" म्हणून मोडलाही त्यांनीच. फुटलेल्या उजव्याला तीन होते. हा त्याचा डावा जोडीदार.

मी भाऊजींकडे बघितलं. त्यांनीही वाकून आत बघितलं आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला काही विचारावंच लागलं नाही.

दवाखान्यात ह्यांना टेबलावर घेतलं होतं, तेव्हा बाहेरच्या बाकावर मी ह्या माणसाला सांगितलं होतं, "उरलेले तीन करवतीने कापा. पुन्हा कुणाच्या गाडीला लागायला नकोत." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "कापले वहिनी, तुकडे भंगारात दिले." आणि आता तोच टायर, कापलेला म्हणून सांगितलेला, ते माझ्या लेकीसाठी परत विकत घेत होते. विकताना ओळखत होते, घेताना ओळखू आला नाही. नवे दात होते ना!

"बाकीचे दोन कुठायत?" मी चकचक्याला विचारलं.

"ते परवाच गेले. मामाच्या गाडीला."

मामा म्हणजे वरच्या वस्तीतल्या पोरांना शाळेत ने-आण करणारा ड्रायव्हर. त्याचीही गाडी आमच्यासारखीच, एकाच मापाची, मागे हौद्यात दोन बाकं ठोकलेली. नऊ पोरं बसतात. रस्ता तोच, वळणही तेच.

किळस ह्याचीही आली की चांगले टायर मला त्याच माणसाकडून घ्यावे लागले. पंचक्रोशीत दुसरं दुकान नाही. कुठल्याशा नाव न ऐकलेल्या कंपनीचे, पण कोरे, ह्याच वर्षीचे, दगडात टिकतील असे सहा पदरी. चारही टायर आतून-बाहेरून तपासले, तीन ठिपक्यांचा तो म्हातारा भाऊजींना उचलायला लावला, आणि सगळं टेम्पोत टाकून थेट मामाच्या अंगणात गेलो.

मामा गाडी पुसत होता. शाळा सुटायला तासभर होता.

"मागची चाकं काढा," मी म्हटलं.

"अहो ताई, नवीन टाकलेत परवाच. बघा तरी, काय चमकतात!"

"काढा हो. मग आत बघा."

बिचाऱ्याने काढली. एकात दोन ठिपके, दुसऱ्यात चार. ठिगळांवर ठिगळं, कडांना चिरा. हे टायर कुठल्या गाडीचे, ते मी त्याला सांगितलं. "आज सकाळी नऊ जणांना घेऊन उतरलो त्यावर," एवढंच म्हणाला. मग हळूच म्हणाला, "आता त्यांना वर कसं नेऊ?"

मी टेम्पोतून दोन नवे टायर काढले.

"वहिनी!" भाऊजी ओरडले. "आपल्या पोरीचं काय? पैसे चारचेच होते!"

लग्न होऊन घरात आल्यापासून मी ह्या माणसाला अहो-जाहो करत आले. त्या अंगणात पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघालं, "गप रे. लाज वाटते मला, तुझी वहिनी म्हणवून घ्यायची. तिला म्हणावं, पायी जा वर."

आणि लेकीबद्दल असं बोलताना जीव तुटला माझा, खोटं कशाला सांगू.

घरी आलो तेव्हा हे ओसरीवर त्यांच्या उंच खुर्चीत बसले होते. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर खाली बसता-उठता येत नाही, म्हणून भाऊजींनीच आणलेली. गादीची, दोन्ही बाजूंना दांडे असलेली. तेव्हा मी चार जणांत म्हटलं होतं, दीर असावा तर असा.

मामाकडचे दोन धरून तिन्ही म्हातारे टायर मी अंगणात टाकले आणि भाऊजींच्या हातात करवत दिली. "काप. माझ्यासमोर."

ते कापायला लागले. आत लोखंडी तार, करवत अडकत होती, अंगणभर जळक्या रबराचा वास. ह्यांनी ठिपके ओळखले आणि त्यांना सगळं कळलं.

"किती मिळाले ह्याचे?" ह्यांनी विचारलं.

भाऊजी करवत चालवत राहिले.

"काय केलंस त्या पैशांचं?"

करवत थांबली. भाऊजींनी मान वर केली नाही. काळ्या झालेल्या बोटाने त्यांनी फक्त दाखवलं, ह्यांच्या खुर्चीकडे.

खुर्ची त्या पैशांची, हे मला माहीत नव्हतं.

ह्यांनी दांड्यांवरचे हात काढून घेतले. मग मला म्हणाले, "मला उठव ह्या खुर्चीतून. पायरीवर बसतो."

"पायरीवर बसता येणार नाही तुम्हाला. दुखेल."

"माहीत आहे," ते म्हणाले. "उठव."