रंग जाईपर्यंत

पटकीच्या साथीत सरकारनं रमाकांतला दिलेलं सामान एका सायकलीवर मावत होतं: बादली, दोर, लाल दवेचा डबा आणि रंग पाहायला एक पांढरा पेला. एवढ्यावर मरीशी लढायचं! दवा बादलीत विरघळवून विहिरीत सोडायची, पाणी घुसळायचं आणि पेल्यात पाहायचं. फिकट गुलाबी दिसलं की झालं काम.

मोताळ्याजवळच्या त्या खेड्यात तो पोचला, तेव्हा पटकीनं कडूबाचं अख्खं घर रिकामं केलं होतं. त्याच्या घरची अंथरुणं कोणीतरी नाल्यात धूत होतं. रमाकांत त्याच्यावर ओरडला, पण आतून पुरता घाबरला होता. घाबरलेल्या माणसाचा हात फार सढळ असतो. अधिकस्य अधिकं फलम् म्हणत त्यानं विहिरीत दुप्पट दवा ओतली. पेल्यातलं पाणी जांभळं दिसू लागलं.

विहिरीलगत राहणारी गोजरबाई पुढे आली. "साहेब, माही कोकिळा पयल्या बाळंतपणाले आली हाये. तिले हे पाणी चालते का?"

या दवेनं कोणी मरत नाही, हे रमाकांतला ठाऊक होतं. पण उद्या काही बरंवाईट झालं तर नाव आपलं येईल, हेही त्याला ठाऊक होतं.

"मावशी, रंग जाईपर्यंत थेंबही देऊ नका," असं सगळ्यांदेखत सांगून तो पुढच्या गावाला निघाला.

गावानं त्याचं ऐकलं नाही. "पाणी हाये का पानाची पिंक?" म्हणत अर्जुनरावांनी तांब्या तोंडाला लावला, आणि मग नाकं मुरडत सगळेच पिऊ लागले. ऐकलं ते एकट्या गोजरबाईनं.

बाजाराच्या दिवशी रमाकांत परत आला. अर्जुनराव पारावर चिलीम ओढत बसले होते. गाव तगलेलं पाहून त्याला बरं वाटलं. मग गोजरबाईच्या दारातून त्यानं आत पाहिलं. कोकिळा अंथरुणावर होती, डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले.

"पाणी कुठलं दिलं हिला?"

"नाल्यातल्या झिऱ्याचं. हिरीचा एक थेंब बी नाई देला, साहेब. लोकं हासले मले, पर तुमी सांगतलं व्हतं ना."

ज्या नाल्यात कडूबाची अंथरुणं धुतली, तोच हा नाला. रमाकांतला ओरडून सांगावंसं वाटलं की मावशी, चूक माझी आहे. पण ती त्याच्याकडे इतक्या भरवशानं पाहत होती की त्याची जीभच उचलेना. नेभळट माणूस!

"पाहा ना, गेला का रंग?"

त्यानं पाणी शेंदून पेला भरला. तळ स्वच्छ दिसत होता.

"गेला."

गोजरबाईनं पेला त्याच्या हातातून घेतला आणि लेकीच्या ओठांना लावला. पाणी गालावरून उशीवर ओघळलं.

"पे माय," ती म्हणाली, "आता साहेब चालते म्हन्तेत."