बसून राहायचं

नुजहतनं व्हीलचेअरचा ब्रेक दाबला, तेवढ्यात पृथ्वीराजनं पुढं होऊन मदिनाच्या गुडघ्यांवर शाल पसरली. एप्रिलच्या उन्हात शाल.

“काकू, एवढं एक ऐका. सामना संपेस्तोवर उठायचं न्हाय.”

“पाणी प्यायला तोंड तरी उघडू का?”

तो हसला नाही. मदिनाच्या दुसऱ्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी हा मदतीचा सामना त्यानंच जमवला होता. पहिल्या खुब्याचं झालं होतं, त्यामुळं कशाला तरी धरून ती चार पावलं टाकायची. नेमकी तीच चार पावलं कुणीतरी मोबाईलवर टिपली आणि गावभर फिरवली: हिंडती की ही, हिला कशाला मदत? तेव्हापासून बिचाऱ्या पृथ्वीराजची झोप उडाली होती.

मैदानात मदिनाच्याच जुन्या मैत्रिणी उतरल्या होत्या. कुणी रेल्वेतून निवृत्त, कुणी पोलिसातून. पोटं सुटलेली, टी-शर्ट आखूड पडलेले, पण हातात स्टिक आली की कंबर आपोआप वाकायची. फुटबॉल असता तर गॅलरीत मुंगी शिरली नसती. हॉकीला चार-पाचशे माणसं आली, आणि तीही खेळाआधी मदिनाकडं निरखून बघत होती.

मदिनानं चेहरा पाडून ठेवला. आठ वर्षं राज्याच्या संघात फुलबॅक खेळलेल्या बाईला आजारी दिसायचा सराव नव्हता.

“अम्मी, मान,” नुजहत मधूनमधून पुटपुटायची. मदिना मान खाली घालायची.

मध्यंतरानंतर बरोबरी झाली आणि खेळाला धार आली. मदिनाच्या जुन्या जागेवर, बचावफळीत, अक्षता होती. ती हौसेनं पुढं गेली ती तिथंच रमली, आणि तिच्या मागनं बॉल सुटला.

“आक्षे! माघारी फिर! उजवी बाजू सताड उघडी टाकलीस की गं, म्हशी!”

अक्षता जीव खाऊन माघारी पळाली, स्टिक आडवी टाकून तिनं बॉल अडवलासुद्धा. पण ते कुणी बघितलं नाही. सगळी तोंडं दुसरीकडं वळली होती. शाल पायाशी पडलीय आणि आपण उभ्या आहोत, कशालाही न धरता, हे मदिनाला तेव्हा कळलं.

“उठली की रं!” गॅलरीतनं कुणीतरी म्हणालं. मोबाईल वर झाले. समालोचन करणाऱ्या पृथ्वीराजच्या हातातला माइक चालूच होता; त्यातनं त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता. नुजहतनं तिचं कोपर धरलं आणि सोडलं. बसावं तर चोरी कबूल केल्यासारखं, उभं राहावं तर कळ खुब्यातून पाठीपर्यंत चढत होती.

शिट्टी वाजली. सत्तरी गाठलेले पंच आकाराम सर निम्मं मैदान ओलांडून सावकाश चालत आले, तिच्यासमोर थांबले. खिशातून हिरवं कार्ड काढून त्यांनी हात उंच केला.

“लई आरडाओरडा. दोन मिनिटं बाहेर.”

“सर, मी कुठं खेळतोय?”

“हुज्जत घालू नको. पिवळं दाखवीन, मग पाच मिनिटं.”

गॅलरीत एकजण हसला. बाकीचे हसावं की नाही या विचारात राहिले.

मदिना खुर्चीत बसली. पाठ ताठ, तळवे मांड्यांवर, नजर समोरच्या घड्याळावर. खेळ पुन्हा सुरू झाला.

पृथ्वीराज माइक झाकून तिच्या कानाशी वाकला. “काकू, पाया पडतो, आता परत उठू नका.”

“गप रं,” मदिना म्हणाली. “अजून सव्वा मिनिट हाय.”