लांबून बघायची बाहुली

मी एक बाहुली बोलतेय. बाहुली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे विस्कटलेल्या केसांची, शाईने मिशा काढलेली, एक बूट हरवलेली कुणीतरी आली असेल. तेवढं माझं भाग्य कुठलं! माझे केस कारखान्यातून निघाले तसेच आहेत, गालांचा गुलाबी रंग जिथल्या तिथे आहे. ज्याने त्याने याचंच कौतुक केलं. त्या कौतुकाचा मला वीट आलाय.

साच्यातून मी सुटी सुटी निघाले. डोकं वेगळं, धड वेगळं, हातपाय वेगळे. मग एका बाईने माझ्या पोटातून रबर ओवून हातपाय अडकवले, ताणून पाहिले आणि मला पुढे सरकवलं. माझ्या डोळ्यांत एक गंमत बसवलेली होती. उभं केलं की पापण्या उघडायच्या, आडवं केलं की मिटायच्या. म्हणजे मला निजवायला कुणीतरी लागणार, हे माझ्या घडणीतच होतं.

जहाजावर नोकरी करणाऱ्या एका काकांनी मला पुतणीसाठी विकत घेतलं. पुतणीचं खरं नाव मला आजही ठाऊक नाही. घरात सगळे तिला बेबी म्हणायचे. खोका उघडला तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिने दोन्ही हात पुढे केले. मी तिच्यापासून वीतभर अंतरावर होते. तेवढ्यात तिच्या आईने मला वरच्या वर उचललं.

"अगंबाई, केवढी महागाची! हिच्या हातात दिली तर संध्याकाळपर्यंत वाट लावेल. लांबून बघ हं बेबी, लांबून."

ते वीतभर अंतर बेबीला पुढे कधीच ओलांडता आलं नाही.

आई शिवणकाम करायची. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन, शेजारी कापडं कापायचं टेबल आणि समोरच्या भिंतीला काचेचं शोकेस. त्यात सोनेरी काठाचे कप होते, त्यांतून कुणी कधी चहा प्यायलं नाही. बाबांनी कॅरममध्ये जिंकलेला चषक होता, प्लास्टिकची फुलं होती, आणि मधोमध पारदर्शक कागदात गुंडाळलेली मी. शोकेसला बारीकसं कुलूप, आणि किल्ली आईजवळ.

मापं द्यायला आलेल्या बायका हात पसरून उभ्या राहिल्या की त्यांची नजर माझ्यावर जायची. "केवढ्याची हो?" आई टेप गळ्यात अडकवत म्हणायची, "बाहेरची आहे. दिरांनी आणलीय." मग बराच वेळ तिची मान ताठ असायची. तिच्याकडे मिरवायला दुसरं काही नव्हतं, हे मला कळायचं. पण म्हणून मी तिला माफ करावं? मला खेळणं म्हणून घडवलं होतं, आणि तिने माझी पाटी करून टाकली. 'आमचं बरं चाललंय' अशी पाटी.

बेबी शाळेतून आली की काचेला नाक लावून उभी राहायची. काचेवर वाफ धरली की आई खेकसायची. "काच पुसून पुसून माझे हात मोडले!" हळूहळू बेबी एक पाऊल मागे, हात पाठीशी बांधून उभं राहायला शिकली. पाहुणे म्हणायचे, "किती शहाणी मुलगी! हूं की चूं नाही." आई खूश व्हायची. मी आतून जळायचे.

एकदा मोठं काम देणारी गिऱ्हाईक बाई आपल्या लेकीला घेऊन आली. त्या कार्टीने माझ्यासाठी भोकाड पसरलं. आईने मुकाट्याने कुलूप काढलं, मला बाहेर घेतलं आणि कागदासकट तिच्या मांडीवर बसवलं. बेबी बघत होती. आई तिला म्हणाली, "तू मोठी ना? शहाणी ना माझी?" बेबीने मान हलवली आणि त्या मुलीसाठी पाणी आणायला आत गेली. असल्या शहाणपणाचा मला संताप येतो. पाचव्या वर्षी ते कुणाला येत नसतं, ते अंगावर लादावं लागतं.

वर्षं गेली. बाबा गेले. बेबीचं लग्न झालं, तिला मुलगी झाली, चिंगी. बेबी पाळणाघरात कामाला लागली आणि चाळिशीला टेकल्यावर तिने बालवाडीच्या बाई होण्याचा अभ्यासक्रम धरला. मी होते तिथेच होते.

मग एका रविवारी दुपारी ती छोट्या चिंगीला घेऊन माहेरी आली. हातात चार लिहिलेले कागद. म्हणाली, "आई, ऐक. उद्या वर्गात वाचायचंय."

आई मशीनवर बसली होती. बेबी वाचू लागली. "मूल हातांनी विचार करतं. चार-पाच वर्षांचं मूल पुढाकार घेऊ पाहतं. तेव्हा त्याला सतत अडवलं, तर पुढाकाराची जागा अपराधभाव घेतो. माझ्या बाबतीत हे एका शोकेसपुढे घडलं. आजही दुकानात एखादी वस्तू हातात घेताना मी आधी आजूबाजूला बघते."

मी थक्क झाले. काचेतून जे डोळ्यांदेखत घडत होतं, त्याला इतकं भारदस्त नाव असतं होय! शेवटचं वाक्य बेबीने जरा मोठ्याने वाचलं. "म्हणूनच मी माझ्या मुलीला मोकळेपणाने खेळू देते."

मशीन थांबलं. "म्हणजे मी वाईट आई. असंच ना?"

"तसं नाही गं. सिद्धांत आहे तो. आमच्या बाईंनीच सांगितलंय, स्वतःच्या लहानपणाला लावून बघा म्हणून."

"मग माझ्याही लहानपणाला लाव की! त्या वयात माझ्या कडेवर बाहुली नव्हती, धाकटा भाऊ होता. तो पडला की मला मार. माझं काय हुकलं, ते लिहिलंय का तुझ्या पुस्तकात?"

बेबी गोरीमोरी झाली. पण ती काही वादासाठी आली नव्हती. तिला आईच्या तोंडून एकच शब्द हवा होता, आणि तो तिने मागितला.

"आई, एकदाच म्हण ना, चुकलं."

"काय चुकलं? बघ, अजून नवीकोरी आहे. तुझ्यासाठीच जपली ना मी?"

"कधीसाठी, आई?"

आईने किल्ली टेबलावर आपटली. "घे. दे तुझ्या लेकीला. बघू किती टिकते."

बेबीने कुलूप काढून मला चिंगीच्या हातात दिलं, आणि चिंगीने माझ्यावरचा कागद टराटरा फाडला. काय सुखाचा आवाज होता तो! तिने मला छातीशी धरलं, केस उलटे विंचरले, मला मांडीवर आडवं केलं. आणि माझे डोळे मिटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी खेळणं झाले. "झोपली," चिंगी कुजबुजली. थोड्या वेळाने, "आता ऊठ बरं, उशीर होतोय," म्हणून तिने मला हाताला धरून उठवलं.

पोटातलं रबर केव्हाच कुजलं होतं. जागच्या जागी बसून बसून कुजलं होतं. ते तुटलं, हात तिच्या मुठीत राहिला आणि मी धाडकन खाली आपटले.

"बघ!" आई म्हणाली. तिच्या आवाजात दुःख नव्हतं, जिंकल्याचा आनंद होता. "म्हटलं नव्हतं मी?"

आणि बेबी, चार कागद लिहिलेली बेबी, चिंगीवर धावून गेली. "केलंस ना वाटोळं! जरा धीर म्हणून नाही तुला. उद्या वर्गात दाखवायला न्यायची होती ना मला ती!"

चिंगीने माझा तुटलेला हात सतरंजीवर ठेवला. रडली नाही. मागे मागे सरकत ती कापायच्या टेबलाखाली जाऊन बसली.

आता मी त्याच टेबलावर आडवी पडले आहे. डोळे मिटलेले आहेत, पण कान शाबूत आहेत. आईने इलॅस्टिक शोधून आणलंय, बेबीने माझं धड धरून ठेवलंय. "तिकडून ओढ," "अगं, गाठ सुटेल," असं चाललंय. मघाशी एकमेकींचं तोंड बघवत नव्हतं, आणि आता दोघी हसताहेत. बेबीला हवा होता तो शब्द मिळालाच नाही, तरी ती हसतेय. मायलेकींना जवळ आणलं मी, असं कुणी म्हणेल. म्हणोत बापडे. मला मात्र खालून बारीक, दाबून धरलेले हुंदके ऐकू येताहेत, आणि ते या दोघींना ऐकू येत नाहीत.

बेबी, मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, म्हणून साधंच सांगते. तू चांगलं लिहिलंयस, अगदी खरं लिहिलंयस. पण माझ्या हाताचं काय एवढं? बाहुलीला एक हात कमी असला तरी तिच्याशी खेळता येतं. ते इलॅस्टिक ठेव बाजूला आणि वाक. तुझी मुलगी टेबलाखाली आहे.