विजारीवरची कुसळं

मी एक जुनी दोरी आहे, कपडे वाळत घालायची. पण मित्रांनो, मी जन्मले ती ओझी ओढायला. वीजकेंद्रात मी जड अवजारं वर चढवायची. झिजले, तेव्हा बॉयलरवर काम करणाऱ्या काकांनी मला घरी आणलं आणि खिडकीच्या गजापासून अंगणातल्या खांबापर्यंत ताणून बांधलं.

वीजकेंद्राच्या आमच्या वसाहतीत बायका आभाळाकडे नाही, धुराड्याकडे बघून कपडे वाळत घालत. धूर इकडे वळला की आमच्या काकू ओरडायच्या, "उचला गं, आली काळी पाहुणी!" राखेला सगळ्या जणी शिव्या घालायच्या. पण घरची चूल तिच्याच जिवावर पेटते, हेही त्यांना ठाऊक होतं.

मग केंद्र बंद झालं. चादरी पांढऱ्याशुभ्र राहू लागल्या. शेजारच्या दोऱ्यांवरून निळे गणवेश नाहीसे होऊ लागले. गणवेश गेला की मागोमाग घरही रिकामं व्हायचं.

माझ्यावरचा गणवेश मात्र रोज झुलत होता. "यंत्रं सुटी करायला मला ठेवलंय," असं काकांनी घरी सांगितलं होतं.

"तुमचं बरंय बाई," समोरची टोमणा मारायची, "तुमच्या ह्यांच्यावाचून साहेबांचं पान हलत नाही!"

काकू हसून वेळ मारून न्यायच्या. धुण्याचं पाणी आता काळं होत नव्हतं. विजारीला कुसळं चिकटलेली असायची. ती काकू एकेक करून वेचायच्या.

एका सकाळी काका डबा घेऊन निघाले. टॉवेल झटकत काकू म्हणाल्या, "केंद्राच्या भिंतीमागच्या गवतात बसू नका हो. साप असतात तिथे."

काका थबकले. "तुला कोणी सांगितलं?"

"बॉयलरमध्ये कुसळं उगवतात का?"

काका पायरीवर बसले. "कुठे जायचं गं आपण?"

"ते दोघं मिळून बघू. आधी डबा उघडा, मलाही भूक लागलीय."

काम अजून मिळालेलं नाही. घर मात्र सोडायचं आहे. काल काकूंनी माझी गाठ चाचपून पाहिली. सोबत न्यायला की टाकून द्यायला, ते मला कळलं नाही.

मित्रांनो, हवा स्वच्छ व्हायलाच हवी, धुराडं खुशाल विझवा. पण त्याआधी खाली कुणाकुणाचे गणवेश वाळताहेत, ते जरा बघा. आणि कुणी डबा घेऊन एकटाच गवतात बसलेला दिसला, तर त्याला घरी घेऊन या.