सरदारणीचा हात

आमच्या ऑपेरा-बॅलेच्या रंगगृहाचा हीरकमहोत्सवी हंगाम जाहीर झाला. दर्शनी भिंतीवर भली मोठी जाहिरात लागली आणि तिच्यात माझं नाव शोधायला मला चष्मा लावावा लागला. वर सगळा बॅलेच. हंस, राजपुत्र, एका पायावर उभ्या राहिलेल्या पांढऱ्याफटक पोरी. ऑपेरा आपला तोंडी लावण्यापुरता. संचालक दाशन्याम स्वतः नाचणारा, गुडघे गेले तेव्हा खुर्चीत बसला. त्याला माणसं पायांवरून जोखायची सवय. माणसाला गळाही असतो हे त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.

पण उद्घाटन ऑपेरानंच करणं त्याला भाग होतं, कारण साठ वर्षांपूर्वी पहिला पडदा ‘खेरलेनकाठची नवरी’नंच उघडला होता. त्यात गरीब मेंढपाळाची नवरी होते यांजिन, आणि तिच्या नवऱ्याला घोडीच्या आंबवलेल्या दुधातून विष घालणारी सरदारीण मी, इचिनखोर्लो. वर्षानुवर्षं हेच चाललंय. माझा आवाज खालचा, तिचा वरचा. खालच्या आवाजाच्या बाईच्या वाट्याला सासू, चेटकीण किंवा खुनी एवढंच येतं. वरच्या आवाजाची बाई साठीला टेकली तरी लग्नाला उभीच.

मी एकदा मुलाखतीत बोलून गेले होते, ‘आमची नवरी रंगमंचावर आली की आधी वाटतं, नवरीची आजी आली.’ ते तिला अजून पचलेलं नाही. पण सुरुवात तिची होती. परदेशी, सोफिया शहरात आम्ही एका खोलीत राहून गाणं शिकलो, एकाच तव्यावर बटाटे तळून खाल्ले. पुढं माझ्या गळ्याची शस्त्रक्रिया झाली. मी दवाखान्यात पडलेली, आणि ह्या बाईनं भर तालमीत सांगितलं, ‘इचिनचा गळा संपला, आता दुसरी बघा.’ मी परत आले, गायले, चांगली उरावर बसून गायले. पण तेव्हापासून आम्ही एकमेकींशी बोलत नाही. तोंड उघडलंच तर भांडायला.

तर दाशन्यामनं आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. आम्ही मध्ये एक खुर्ची रिकामी सोडून बसलो.

“ताई, राग मानू नका,” तो म्हणाला. “दोघींचंही निवृत्तीचं वय कधीच उलटलंय. वरून एकच जागा ठेवायला परवानगी मिळालीय. जी राहील ती आपली भूमिका करील आणि नव्या पोरींना शिकवील. दुसरीला मानानं निरोप देऊ.”

“कुणाला ठेवायचं ते कोण ठरवणार?” मी विचारलं.

“उद्घाटनाचा प्रयोग बघून मंडळ ठरवेल.”

मानाचा निरोप कसा असतो ते आम्ही डझनभर वेळा पाहिलंय. चांदीची वाटी, मानाचा निळा रेशमी पट्टा म्हणजे खदग, मंत्र्याचं भाषण आणि जिन्यापर्यंत सोबत. त्यापुढं कुणी येत नाही.

“वाटी आत्ताच आणून ठेव,” यांजिन त्याला म्हणाली. “दूध भरून इचिनच्या हातात दे. उगाच कशाला ताटकळत ठेवायचं?”

“दूध तुलाच लागेल,” मी म्हटलं. “चावायला दात कुठं राहिलेत तुला?”

दाशन्याम खिडकीबाहेर बघत बसला.

ती जागा मला हवी होती. हवी म्हणजे काय, तिच्यावाचून माझं काही खरं नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. लेक तिकडं कोरियात, इंचॉनला, दर रविवारी फोनवर नातवाला पुढं करते. तो कोरियनमध्ये काहीतरी बोलतो, मी मान हलवते. चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर बसवलंत तर मी चहाच्या किटलीशी भांडेन. मला लोक लागतात, अंधारात बसलेले, माझ्यावर चिडलेले. सरदारीण आत आली की सभागृह कसं थंड पडतं, ते एकदा अनुभवलं की घरचा सोफा गोड लागत नाही.

तालमी म्हणजे नुसती मारामारी. मी तोंड उघडलं की ती जांभई द्यायची. तिचा वरचा सूर आला की मला नेमका खोकला यायचा. त्यात नेपथ्याला परदेशातून कुणी तरुण आणलेला. त्यानं डोंगरउतार दिसावा म्हणून अख्खा रंगमंच तिरका केला. मी त्याला म्हटलं, “बाळा, ह्या वाकड्या चोचीच्या बुटांनी आणि ह्या दागिन्यांच्या ओझ्यानं मी तिथून गडगडत वाद्यवृंदात जाईन.” तो म्हणाला, फार सुंदर दिसतंय. मेल्याला चालायचं थोडंच होतं.

उद्घाटनाला सभागृह खच्चून भरलं. मंत्री, राजदूत, पदकं छातीवर वाजवत आलेले म्हातारे, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. पहिले दोन अंक मी असे गायले की माझ्याच अंगावर काटा आला. खोटी विनम्रता मला जमत नाही. तीही चांगली गात होती, हेही सांगून टाकते.

तिसऱ्या अंकात नवऱ्याचं प्रेत बाहेर नेल्यावर नवरी एकटी उभी असते. मी तिच्याभोवती घिरट्या घालत गाते, ‘आता तू माझ्या उंबऱ्यात येशील.’ मग ती वळते आणि मला शाप देते. त्या शापासाठीच लोक तिकीट काढतात. मी शेवटची फेरी घेतली, उतारावर बूट सरकला आणि माझी टाच थेट तिच्या पावलावर पडली. तिच्या पायात पातळ लोकरी नमद्याचे जोडे, आणि माझं वजन काही हंसाचं नाही.

पाय पडला आणि माझा हात पुढं झाला.

विचार करून नाही हो. आमच्या देशात चुकून कुणाच्या पायावर पाय पडला की त्याच क्षणी हात पुढं करायचा, त्यानं तो धरायचा, विषय संपला. ट्रॉलीबसमध्ये असो, स्मशानात असो, ज्याच्याशी कोर्टकचेरी चाललीय तो असो. पोर चालायला लागलं की आई आधी हेच शिकवते. हात दिला नाही तर वैर मांडलं असं होतं, आणि पुढं केलेला धरला नाही तर त्याहून वाईट. तर नवऱ्याला विष घालून आलेली सरदारीण, भर रंगमंचावर, उजवा हात पुढं करून उभी.

यांजिननं हाताकडं पाहिलं. मग माझ्या तोंडाकडं पाहिलं. आणि शाप द्यायला सुरुवात केली.

माझा हात तसाच लोंबकळत राहिला. सभागृहातून एकदम चुकचुकल्याचा आवाज आला, आणि तो माझ्यासाठी होता. पोरंबाळं ज्या बाईला शिव्या देत घरी जातात, त्या बाईसाठी. शाप संपला तेव्हा राजदूतांच्या रांगेतून चार टाळ्या आल्या, बाकी सगळे हाताची घडी घालून बसले. शेवटी मी नमस्काराला पुढं आले तर लोक उभे राहिले. ती आली तेव्हा बसले. ती ताठ मानेनं तुरळक टाळ्यांपुढं वाकली आणि आत गेली.

रंगपटाची खोली आम्हा दोघींत एकच. मी गेले तेव्हा ती जोडा काढून बसली होती. अंगठा काळानिळा पडला होता.

“माझा हात हवेत ठेवलास,” मी म्हटलं.

“तू माझ्या नवऱ्याला विष घातलंस,” ती अंगठ्याकडं बघत म्हणाली. “तुझा हात धरू? खून करून सरदारीण माफी मागते, असं कुठल्या पानावर लिहिलंय गं? इतकी वर्षं झाली, भूमिकेत राहायला कधी शिकणार तू?”

“लोक माझ्यासाठी उभे राहिले.”

“बाजारात पाय तुडवून हात देणाऱ्या कुठल्याही बाईसाठी राहतील. पिशवीत भर आणि ने घरी.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दुसऱ्या दिवशी दाशन्यामचा चेहरा खुललेला. त्यानं मला चहा दिला, स्वतः ओतून. फेसबुकवर सगळीकडं प्रक्षेपणातला तो एवढासा तुकडा फिरत होता. ‘हात न धरणारी बाई’, ‘हिला आईनं काही शिकवलं नाही का’, ‘महोत्सवाला काळिमा’. पुरस्कर्त्यांनीही फोन केले होते म्हणे.

“ताई, जागा तुमची,” तो म्हणाला. “मंडळ माझ्या बाहेर नाही. यांजिनताईंना पुढच्या महिन्यात निरोप देऊ. तुम्ही फक्त उद्या टीव्हीवर जा, सकाळच्या कार्यक्रमात. म्हणा, मी तिला मोठ्या मनानं माफ केलं. डोळ्यांत पाणी आलं तर सोन्याहून पिवळं.”

मी इतकी खूश झाले की वाटेत मोठा केक घेतला आणि एकटीनं निम्मा संपवला. मग म्हटलं, आपण नेमकं काय केलं ते बघावं तरी. फोनवर तो तुकडा लावला.

सरदारीण कुठंच नव्हती. दागिने घातलेली एक बावरलेली बाई, बसमधल्या प्रवाशासारखी हात पुढं करून उभी. आणि तिच्यासमोर नवरी. पाय चेचलेला, पण चेहऱ्यावर रेषा नाही. हाताकडं बघते, माझ्याकडं बघते, आणि तो सूर लावते. तसूभर हलला नाही. असा तो तिनं सोफियाला लावला नव्हता, तरुणपणी लावला नव्हता. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा लावला आणि दर वेळी मला जास्तच राग आला. सगळे माझ्या हाताबद्दल बोलत होते, माझ्या गाण्याबद्दल एक शब्द नाही. मला तिला हरवायचं होतं, पण गळ्यानं. ट्रॉलीबसच्या शिष्टाचारानं जिंकून काय मिरवायचं?

टीव्हीवर अनूजिन नावाची गोड बोलणारी पोरगी होती. तिनं माझा हात हातात घेतला आणि विचारलं, “इचिनखोर्लोताई, त्या क्षणी तुम्हाला फार वाईट वाटलं असेल ना?”

“वाईट कसलं,” मी म्हटलं. “चूक माझी होती. सरदारीण हात देत नसते. मी भूमिका सोडली, तिनं सोडली नाही. ती बाई मला काडीची आवडत नाही, तिचं तोंड बघायची माझी इच्छा नाही. पण त्या रात्री त्या रंगमंचावर एकच जण गात होती, आणि ती मी नव्हते. तुम्हा लोकांना कान असते तर टाळ्या तिला वाजवल्या असत्या.”

अनूजिननं घाईघाईनं हवामानाचा अंदाज लावायला सांगितलं.

दाशन्याम माझ्यावर ओरडला नाही, कपाळाला हात लावून बसला. “ताई, जागा हातात दिली होती तुमच्या. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतलात. आता लोक तिला खरी कलावंत म्हणतायत. मंडळ विचारतंय, जी स्वतःच्या तोंडानं भूमिका सोडली म्हणते तिला शिकवायला कसं ठेवायचं?”

झालं. वाटी आली, खदग आला, भाषण झालं. माझ्या भूमिकेला दार्खान शहराकडची एक धडधाकट पोरगी घेतली. दुसऱ्या प्रयोगाच्या दिवशी दुपारी मी माझं सामान आणायला रंगपटात गेले. यांजिन आरशापुढं बसून भुवया काढत होती. मी माझे डबे, शाली, फणी पिशवीत कोंबायला लागले. ती आभार मानेल असं मला वाटलं नव्हतं. पण गप्प बसेल असं वाटलं होतं.

“मला तुझे उपकार नकोत,” ती आरशातूनच म्हणाली.

“केलेच नाहीत. खरं होतं ते बोलले.”

“खरं नव्हतं ते.” तिनं पेन्सिल खाली ठेवली. “कसली भूमिका नि कसलं काय. तुझा हात दिसला आणि मनात आलं, मेले तरी हा धरणार नाही. दवाखान्यातून येऊन ज्या तोऱ्यात तू माझ्या पुढ्यात गायली होतीस, तो तोराच डोळ्यांपुढं आला. नवरी-बिवरी कुणी नव्हती तिथं. मी होते आणि तू होतीस.”

मी पिशवी खाली ठेवली. कानशिलं तापली. “मग जा, दाशन्यामला जाऊन सांग हे.”

“सांगितलं. तो म्हणतो, किती ही विनम्रता. तू टीव्हीवर जाऊन मला संत करून ठेवलंस, आता माझं कोण ऐकणार?”

हे ऐकून मला तिचा गळा दाबावासा वाटला. असल्या बाईसाठी मी माझी जागा घालवली होती. उद्यापासून चौथा मजला आणि किटली.

“आणि तो सूर?” मी विचारलं. “तो तरी खरा होता की नाही?”

“तो तुझ्या रागानंच लागला.” ती अजून आरशातच बघत होती, पण आता भुवयांकडं नाही. “आजपर्यंत जे काही चांगलं लागलंय ते तू समोर असतानाच लागलंय. काल तालमीत त्या दार्खानच्या पोरीसमोर शाप दिला. पोरगी चांगली आहे, मला ताई-ताई करते, माझा चहा गार होऊ देत नाही. तीनदा गायले. तीनदा फुटला सूर.” ती माझ्याकडं वळली. “रात्री कसा लावू, इचिन?”

एवढ्या वर्षांत तिनं मला नावानं हाक मारली नव्हती. मला काय वाटलं ते खरं सांगते: आनंद झाला. इतका झाला की लपवायला मला पिशवीत तोंड घालून फणी शोधावी लागली.

“ते तू बघ,” मी म्हटलं, आणि पिशवी उचलून जिना उतरले.