सोयरिकीचे काजू

काजूंची बशी हेमराजच्या पुढ्यात येऊन थांबली आणि ओसरीवरची चौदा माणसं त्याच्या हाताकडे पाहू लागली.

त्याची मुलगी दिव्यानी आणि या घरचा निकेश, दोघांनी मोबाइलवर केव्हाच ठरवून टाकलं होतं. आज नुसतं घर पाहायचं होतं. पण मुलीच्या बापाने बशीला हात लावला तर होकार, नाही लावला तर गाडी आल्या वाटेने परत, अशी या घराण्यांतली रीत.

हेमराज बावीस वर्षं कोरपना तालुक्यातले हातपंप दुरुस्त करत आला होता. शंभर फुटांखाली काय अडलंय ते तो नुसता दांडा हलवून सांगायचा. स्वतःच्या पोटात काय अडतं, ते मात्र चंद्रपूरच्या एका आहारतज्ज्ञ बाईने सांगितलं. तिने 'लो फॉडमॅप' नावाचा पथ्याचा कागदच हातात दिला. कांदा-लसूण बंद, काजू-पिस्ता बंद, बदाम मोजून दहा, आणि मधल्या वेळेला मूठभर फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे. जन्मभर काजू खिशाला झेपले नव्हते, आता ते पोटाला झेपेनात. पण फल्लीदाणे लिहून देणारी ती पहिलीच शहाणी बाई भेटली, असं हेमराजचं मत झालं.

मात्र सोयरिकीत पोटाचं बोलायचं कसं? बाप रोगी म्हणजे घराणं रोगी, एवढं ठरवायला लोकांना चहा गार होईपर्यंतचाही वेळ लागत नाही.

"घ्या ना भाऊ," निकेशचे वडील मुखरू म्हणाले. "खास नागपूरहून आणले."

"घेतो ना. पाहून राह्यलो. लई मोठे हायत."

बायको प्रेमिला कानाशी पुटपुटली, "गाडीत दोन घंटे बसाचं हाय."

"गाडीचं पाहू का पोरीचं?" असं म्हणून हेमराजने एक काजू उचलला.

"ठेवा तो खाली."

निकेशची आजी, रुखमाबाई बोलली.

"मघाशी कांद्याचे भजेबी सारले तुमी बाजूले. पोटाचं हाय का?"

हेमराजची मान खाली गेली. "हो बाई. बाकी मी ठणठणीत हावो."

"मंग लाजता काऊन? आमच्या बुढ्याचंबी असंच होतं. चाळीस वर्षं लोकाइच्या पंगतीत हासत जेवला अन् घरी येऊन लोळला. मलेबी सांगितलं ते मरायच्या साली. काय चालते तुमाले?"

"फल्लीदाणे."

"ते तं आमच्या कोठ्यात पोतंभर पडून हायत," मुखरू हिरमुसून म्हणाले.

रुखमाबाई स्वतः उठली, ओंजळभर भाजलेल्या शेंगा घेऊन आली आणि हेमराजसमोर मांडी घालून बसली. पहिली शेंग फोडली. आत दोन दाणे निघाले. एक तिने त्याच्या तळहातावर ठेवला, दुसरा आपल्या तोंडात टाकला. त्याने खाल्ला.

मागे कुणीतरी लग्नाच्या तारखेचं काढलं. रुखमाबाईला दात नव्हते. ती आपला दाणा कितीतरी वेळ गालात घोळवत राहिली.