शीतगृहाचा थकलेला दरवान

मी एक जुना दरवान आहे. मला काठी नाही, मिशाही नाहीत. मी पत्र्याची एक चपटी पेटी. अकोल्यातल्या संत्र्यांच्या शीतगृहात, ऑफिसातल्या फळीवर, कित्येक वर्षे जागलो. कोणी संगणकाच्या जाळ्यात येऊ लागले की मी पासवर्ड विचारायचो. जुळला की आत सोडायचो, मग काही विचारायचो नाही. आत वजनकाटा, हिशेब, थंड खोल्यांची बटणे, सारेच मोकळे.

मित्रांनो, पासवर्डही एकच होता, थंड खोल्या सांभाळणाऱ्या चंदाताईंचा. आपल्याच माणसाला नाही कसे म्हणायचे, म्हणून तो सगळ्यांकडे असे.

एका रविवारी कोणीतरी त्याच पासवर्डने शिरून एका खोलीची थंडी बंद केली. अंजनगावहून आलेली संत्री नासली.

"चंदा, तुह्याच नावानं बंद झालं," व्यवस्थापक किसनराव म्हणाले.

"मी नाई केलं, भाऊ."

त्यांना ते पटले नाही. चंदाताईंकडून थंड खोल्यांची किल्ली काढून घेतली आणि त्यांना वजनकाट्यावर बसवले.

मग अमरावतीहून रागिणी नावाची इंजिनिअर आली. माझी वायर काढून तिने मला फळीवरच राहू दिले आणि नवी व्यवस्था बसवली. आता प्रत्येक दार वेगळे, आणि ते दर वेळी विचारते: कोण, कोणत्या फोनवरून, कशासाठी? काट्यावरच्या माणसाला काट्याचेच दार उघडते, दुसरे काही नाही.

चंदाताई वैतागल्या. "इतक्या वर्षांची मी, अन् मले रोज पुसून राहिलं हे?"

"ताई, तुमच्यावर भरोसा आहे," रागिणी म्हणाली. "तुमच्या नावावर नाही. नाव कोणीही घेऊन येतं."

एका दुपारी चंदाताई किसनरावांसमोर चहा गाळत होत्या. तेवढ्यात पडद्यावर सूचना आली. चंदाताईंच्या नावाने कोणीतरी थंड खोली मागत होते. दाराने नकार दिला होता. खाली फोनचे नाव उमटले: 'गजेंद्रचा फोन'.

शेजारच्या टेबलावर हिशेब पाहणाऱ्या गजेंद्रचा चेहरा उतरला. "हा तर स्टँडवर चोरीले गेला होता, भाऊ. संत्री नासाच्या आधी. पासवर्ड त्यातच होता. तुमी रागावसान म्हणून बोललो नाई."

किसनरावांनी थंड खोल्यांची किल्ली चंदाताईंपुढे सरकवली.

"घे. अन् चहा दे, थंडा होऊन राहिला."

फोन कोणाचा, हे विचारायला मला कधी कोणी शिकवलेच नव्हते. मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण आपले नाव कोणाला उसने देऊ नका. आणि दाराने पुन्हा पुन्हा विचारले, तर त्याच्यावर रागावू नका. ते तुमचेच नाव राखत असते.